नऊ व्होल्ट

कोल्हापूरहून एक पाट आणला होता पाहुण्यांसाठी,
शिसवी, कडेला पितळी फुल्या.
संडरलंडमध्ये त्यावर आजवर कोणी बसलेलं नाही.
आता त्यावर वेल्क्रोच्या पट्ट्या
आणि पट्ट्यांवर पाच डबे:
एक पिवळा, दोन निळे, एक विटकरी,
एकाचा रंग आधीच्या मालकाच्या बुटानं नेलेला.

आठ घेतले होते. तीन विकले.
कोरस विकला, कारण तो लावला की
सगळं ओल्या काचेपलीकडचं वाटायचं,
आणि मी दिवसभर एक्स-रे काढते;
घरी आल्यावर हाड हाडासारखं ऐकू आलेलं बरं.

क्रमाचं मात्र जमेना.
फझ हट्टी. गिटारशेजारची जागा त्यालाच हवी.
मध्ये कोणी आलं की घसा बसतो त्याचा,
पंगतीत मानाचं पान हुकलेल्या
व्याह्यासारखा.

मग डिले.
ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला
तर प्रत्येक आठवण नव्यानं चिडते,
एकीत एक मिसळून नुसता गलका.
नंतर ठेवला
तर एकदाच चिडायचं
आणि तेच चिडणं
लांब लांब जाताना ऐकत राहायचं.
दोन आठवडे गुडघे टेकून अदलाबदल केली,
रात्रपाळी नसेल त्या रात्री.
शेवटी रागाला आधी बसवलं.

वहीत लिहून ठेवते:
टोन साडेदहावर, ड्राइव्ह पावणेदोनवर,
डिले जेमतेम सातच्या पुढे.
इतकी घड्याळं, आणि वेळ एकातही दिसत नाही.

भिंतीपलीकडे मॉरीन टुलिप,
वय एक्क्याऐंशी,
नवरा वेअरच्या काठी जहाजं जोडायचा.
गुरुवारी दार वाजलं.
मी माफीची वाक्यं जुळवतच उघडलं.
"मंगळवारी वाजवलंस ना," त्या म्हणाल्या,
"ते परत वाजवलं नाहीस.
रॉनच्या यार्डातून असा आवाज यायचा,
संध्याकाळी शेवटचं यंत्र थांबताना."

मंगळवार.
वही काढली. तोच क्रम, तीच घड्याळं,
केबलसुद्धा तीच, टेप गुंडाळलेली.
आवाज आला तो धुतलेला, इस्त्रीचा,
मुलाखतीला निघालेला.
शुक्रवारी जागा बदलल्या.
शनिवारी तारा बदलल्या, मग पुन्हा जागा.
रविवारी भात लावताना आठवलं:
बुधवारी फझची बॅटरी संपली होती.
मी नवी घातली.

म्हणजे माझ्या तीन महिन्यांच्या नोंदी,
आणि तो आवाज मुळात
शेवटच्या घटका मोजणाऱ्या एका बॅटरीचा,
जिला मी सुपरमार्केटच्या दाराशी
हिरव्या डब्यात टाकून आले.

(नवीला म्हातारी करायला
केबल रात्रभर लावून ठेवली. तीन रात्री.
ढिम्म.)

पुढच्या बुधवारी कामावरून येताना
टुलिपबाईंच्या छतातून
टिव्.
चाळीस सेकंद.
टिव्.
धुराचा अलार्म. स्टुलावर चढायला
त्यांचे गुडघे परवानगी देत नाहीत.
मी चढले, झाकण फिरवलं.
आत ती, चौकोनी, नऊ व्होल्टची,
ओरडून ओरडून दमलेली
आणि तरी ओरडण्याइतकी शिल्लक.

नवी बसवली. जुनी
विचारून खिशात टाकली.
"संपलेली घेऊन काय करणार?"
"संपली नाही अजून," मी म्हटलं.
"चहा करा. आणि खुर्ची
जरा भिंतीजवळ घ्या."